आठवी बॅच

“मावशी, आजपण तेच हो.”

खराडे मॅडमचा हा आवाज वीस वर्षं झाली तरी माझ्या कानातून गेलेला नाही. त्यात राग नव्हता, रडं नव्हतं. दिवसभर शेण्या थापून झाल्यावर एखादी बाई हात धुता धुता जसं बोलते, तसा तो आवाज होता.

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. हातातला टेस्ट ट्यूबचा रॅक त्यांनी उजेडाकडं धरला होता. सहाही ट्यूबांत झेंडूच्या पाकळीचा रंग उतरला होता, फिकट केशरी. आमच्या कामात रंग गडद झाला तर एन्झाइम जास्त आणि फिका राहिला तर कमी. तेवढं मला त्यांनीच शिकवलं होतं.

“किती म्हणायचं?” मी विचारलं.

“एकेचाळीस.”

“आन् पायजे किती?”

“एकशे बारा.” मॅडमनी रॅक खाली ठेवला. “तुम्हाला ठाऊक आहे की मावशी. कशाला विचारता?”

ठाऊक होतं. त्या विभागात एकशे बारा हा आकडा भिंतीवरच्या पालीलासुद्धा ठाऊक होता.

मी गजरा मोहिते. आमचे मालक त्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात अठरा वर्षं परिचर होते. आषाढात ते गेले आणि श्रावण संपायच्या आत मला अनुकंपावर त्यांच्या जागेवर घेतलं. त्यांचाच खाकी ॲप्रन, त्यांचाच स्टूल, किल्ल्यांचा जुडगासुद्धा त्यांचाच. वर्षभर काम बघणार आणि मग कायम करणार, असं ठरलं होतं. कायम करायचं की नाही हे लिहिणार होते विभागप्रमुख हिरेमठ सर. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि मिळवणारी मी एकटी.

काचसामान धुवायचं, मोठ्या कुकरात वाफवायचं, सांगितलेली पावडर तोलून द्यायची, हे माझं काम. आणि शेकरवर लक्ष ठेवायचं. शेकर म्हणजे कपाटाएवढं यंत्र. आत एक फळी, फळीवर अठरा फ्लास्क अडकवलेले, आणि ती फळी दिवसरात्र गरागरा फिरते. फ्लास्कात साखर कारखान्याची मळी पातळ करून घातलेली असते आणि तीत यीस्ट वाढत असतं. मॅडमनी ते यीस्ट एका गुऱ्हाळातून आणलं होतं, काकवीच्या फेसातून. साखर फोडणारं एन्झाइम ते तयार करतं. ते जास्तीत जास्त कधी तयार होईल, ऊब किती हवी, आंबटपणा किती, मळी किती, फेरे किती, हे शोधून काढणं म्हणजे मॅडमची पीएचडी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवायचं. अठ्ठेचाळीस तासांनी फ्लास्क काढायचे आणि रंग बघायचा.

माझी आई जात्यावर बसली की ओवी आपसूक तिच्या तोंडी यायची. मला शेकरपुढं बसलं की यायची. तिथं जुळवलेली एक अजून आठवते:

काचेच्या पाळण्यात हालती अठरा लेकर
रडं ना कुनी त्यात, मागं ना भाकर.

मॅडम हसल्या होत्या ऐकून. म्हणाल्या, “मागतात हो मावशी. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.”

मॅडम विट्याच्या एका कॉलेजात शिकवायच्या. पीएचडीसाठी त्यांना दोन वर्षांची रजा मिळाली होती. रोज सकाळी एसटीनं यायच्या, संध्याकाळी एसटीनं जायच्या. चार वर्षांची मुलगी सासूजवळ. मार्चअखेर रजा संपणार, तोवर प्रबंध झाला तर झाला. नाहीतर परत वर्गावर उभं राहायचं आणि दोन वर्षं पाण्यात.

आता आठव्या बॅचचं सांगते.

पहिल्या सात बॅचांत रंग झेंडूच्या पुढं गेला नाही. अडतीस, चाळीस, त्रेचाळीस. आठवी बॅच नवरात्रात अष्टमीला लावली आणि दसऱ्याला काढली. सणाचा दिवस असून मॅडम पहिल्या गाडीनं आल्या. ट्यूबा उकळत्या पाण्यात धरल्या आणि बघता बघता रंग चढत गेला. झेंडू गेला, शेंदूर गेला, भाजलेल्या विटेचा लाल आला. मॅडमनी यंत्रावर आकडा बघितला, पुन्हा बघितला, मग मला हाक मारली.

“मावशी, वाचा बरं. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही.”

मी वाचला. त्यांनी मला मिठी मारली. ॲप्रनला मळीचा वास येत होता तरी मारली.

हिरेमठ सर तसे हसणारे नव्हेत. पण सुट्टीनंतर आकडा बघून हसले. म्हणाले, “छान. आता पुन्हा करून दाखवा.”

तिथून पुढं सगळं सुरू झालं. नवव्या बॅचला चाळीस आले, दहाव्याला एकोणचाळीस. तीच ऊब, तोच आंबटपणा, त्याच डब्यातली मळी. मॅडमनी डबा बदलून बघितला, पाणी बदलून बघितलं, फ्लास्क नवे आणले, कापसाचे बोळेसुद्धा नवे केले. अकरा, बारा, तेरा, सगळ्या झेंडूच्या.

एक दिवस त्या माझ्याजवळ वही घेऊन बसल्या.

“मावशी, आठवून सांगा. अष्टमीला मी संध्याकाळी गेले. नवमीला आमच्याकडं घट, म्हणून मी आले नाही. तुम्ही होता. त्या दिवशी काही वेगळं झालं?”

“काय व्हणार मॅडम?”

“वीज गेली होती?”

“आपल्याला जनरेटर हाय की.”

“ऊब कमीजास्त? कुणी दार उघडं ठेवलं? शेकर थांबला?”

माझ्या हातात ब्रश होता. मी तो फ्लास्कच्या तळापर्यंत घातला आणि जोरानं फिरवला.

“न्हाई,” मी म्हणाले. “रजिस्टरात बघा की.”

त्यांनी रजिस्टर आणलं. दर दोन तासांनी शेकर चालू की बंद ते लिहायचं, पुढं सही करायची, असा नियम होता. नवमीच्या पानावर माझ्या मोठ्या गोल अक्षरात ओळीनं लिहिलेलं होतं: नऊ, चालू. अकरा, चालू. एक, चालू. तीन, चालू. मॅडमनी बोटानं ओळी मोजल्या, रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, “तुमचं काम चोख असतं बाई. चूक माझीच कुठंतरी असणार.”

त्या चार ओळींतली फक्त शेवटची खरी होती.

नवमी म्हणजे खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. सुतार पटाशी पूजतो, शिंपी मशीन पूजतो. आमच्या विभागात मायक्रोस्कोपपासून कुकरपर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ पडायची. आमचे मालक होते तोवर त्या दिवशी प्रत्येक यंत्राचं बटण बंद असायचं. ते म्हणायचे, वर्षभर राबतंय ते, एक दिवस त्याला हात लावू नये. सर चिडायचे, पण मालक बॅचा आधीच उरकून ठेवायचे, म्हणून चालून जायचं.

त्या वर्षी बॅच लावलेली होती. सरांनी सकाळी कुकरपुढं नारळ फोडला आणि जाताना मला बजावलं, “गजराबाई, शेकर पाच मिनिटं बंद करा, कुंकू लावा, लगेच चालू करा. शिवरामसारखं दिवसभर झोपवून ठेवू नका त्याला.”

“जी,” मी म्हणाले. शिवराम म्हणजे आमचे मालकच.

नऊ वाजता मी शेकर बंद केला. कुंकू लावलं, माळ घातली. परत चालू केला तेव्हा घड्याळात तीन वाजले होते. दाराच्या काचेतून बघितलं तर अठराही फ्लास्कांच्या तळाला यीस्ट दह्याच्या कवडीसारखं बसलं होतं आणि वरचं पाणी निवळलं होतं. मग रजिस्टर ओढलं आणि सगळ्या ओळी एका दमात लिहून टाकल्या.

बॅच नासणार अशीच माझी समजूत होती. दसऱ्याला विटेचा रंग आला तेव्हा वाटलं, सुटले. काही बिघडलं नाही. थांबल्यामुळंच तो रंग आला असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. यंत्र थांबलं तर काम वाढेल, असं कुणाला वाटेल?

पण मॅडमनी “शेकर थांबला?” असं विचारलं आणि त्या क्षणी मला कळलं. कळलं, आणि तोंडातून “न्हाई” निघून गेलं होतं. गेलेलं न्हाई परत घ्यायचं म्हणजे खोटं रजिस्टर सरांपुढं ठेवायचं. मग कसली कायम नोकरी?

मी वाट बघत राहिले. वाटायचं, मॅडम हुशार आहेत, आज ना उद्या त्यांचं त्यांना सुचेल. पण सुचणार कसं? त्यांच्या वहीत लिहिलं होतं, शेकर चालू. आणि ते लिहिणाऱ्या बाईवर त्यांचा भरवसा होता.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. सतरा, अठरा, एकोणीस. मॅडमचे गाल बसले. एसटीत त्यांचा डोळा लागायचा आणि विट्याऐवजी पुढच्या गावाला उतरायच्या. एकदा डबा उघडून तशाच बसल्या. म्हटलं, “जेवा की.” तर म्हणाल्या, “मावशी, पोरगी काल मला मावशी म्हणाली. तिच्या आत्याला आई म्हणते आणि मला मावशी.” एवढं बोलून हसल्या. ते हसू बघवत नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच परत डब्यात ठेवला.

बाविसाव्या बॅचचा आकडा आला तो हा दिवस, जिथून मी सांगायला लागले. एकेचाळीस. फेब्रुवारी संपत आला होता.

रॅक ठेवून मॅडम सरांच्या केबिनमध्ये गेल्या. धुण्याची मोरी केबिनला लागूनच. मधली भिंत वरून उघडी, त्यामुळं बोललेलं सगळं ऐकू यायचं.

“चौदा वेळा केलंत,” सर म्हणत होते. “चौदा वेळा चाळीसच्या आसपास. आणि एकदा एकशे बारा. बाहेरचा परीक्षक काय म्हणेल?”

“आला होता सर. मावशींनी पण वाचला होता.”

“वाचला असेल. तुम्ही त्यात काय घातलं होतं हे मावशींना काय माहीत?”

मी नळ बंद केला.

“सर, तुम्हाला वाटतं मी आकडा बनवला?”

“मला काय वाटतं ते सोडा. रजा संपायला आल्यावर माणसाकडून होतं असं. मी तुम्हाला वाट दाखवतोय. आठवी बॅच खोडा. त्रेचाळीस हा सगळ्यात जास्त आकडा धरा आणि प्रबंध लिहा, मी सही करतो. ती बॅच राहिली तर माझी सही नाही.”

मॅडम बाहेर आल्या. हातात वही होती. माझ्याशेजारी मोरीच्या कट्ट्यावर टेकल्या आणि ॲप्रनच्या खिशातून लाल पेन काढलं.

“खोडते मावशी,” त्या म्हणाल्या. “त्रेचाळीस तर त्रेचाळीस. मला घरी जायचंय.”

“मॅडम, तुमी कायतरी घातलं हुतं का त्यात?”

“तुम्हीपण?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “नाही हो. पण आता माझं मलाच वाटायला लागलंय, घातलं असेल. झोपेत घातलं असेल.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं. पान उघडलं. पानावर दसऱ्याची तारीख होती आणि तिच्याखाली एकशे बारा, दोनदा अधोरेखित केलेले.

“खोडू नगा,” मी म्हणाले.

“जाऊ दे हो.”

“खोडू नगा म्हणते न्हवं. शेकर बंद हुता त्या दिवशी.”

पेन तिथंच थांबलं.

“खंडेनवमी हुती. पूजेला बंद केला, आन् तसाच ऱ्हायला. रजिस्टरात मी खोटं लिवलंय. तुमी इचारलं तवा बी खोटं सांगितलं.”

त्या मला मारतील, ओरडतील, निदान रडतील, असं वाटलं. माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, “किती वाजता बंद केलात?”

“नवाला.”

“आणि चालू?”

“तीनाला.”

मॅडमनी बोटं मोजली. “म्हणजे चोवीस तास फिरलं, सहा तास निजलं, मग परत अठरा तास फिरलं.” मग हलक्या आवाजात, जसं काही फ्लास्कालाच विचारत असाव्यात, म्हणाल्या, “तळाला बसलं होतं?”

“दह्यावानी.”

“आणि मी पाच महिने त्याला एक घटका थांबू दिलं नाही.”

त्या उठल्या. “मळी तोला मावशी,” म्हणाल्या. “आत्ताच लावू.”

तेविसावी बॅच आम्ही लावली. दुसऱ्या दिवशी बरोबर चोवीस तासांनी मॅडमनी स्वतः बटण बंद केलं. सहा तास आम्ही दोघी दोन स्टुलांवर बसून होतो आणि त्या वेळात त्या माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. अबोल्याची शिक्षा मला कमीच वाटत होती. सहा तास भरले तसं त्यांनी बटण दाबलं आणि एसटीला गेल्या.

तिसऱ्या दिवशी ट्यूबा उकळत्या पाण्यात उतरल्या. झेंडू, मग शेंदूर. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मॅडम स्टुलावर बसल्या होत्या आणि कपाळ टेबलाला टेकवलं होतं. रॅकमध्ये सहाच्या सहा विटेच्या रंगाच्या.

“एकशे नऊ,” टेबलाला तोंड लावूनच त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि डोळे पुसले. “सरांना मी सांगेन की विसावा देऊन बघायचं मला सुचलं. तुमचं नाव येणार नाही.”

“आन् आठवी?”

“आठवी खोडते.”

“मग तुमी खोट्या ठरला की.”

“ठरू दे. एकटीला ठरू दे. तुमच्या घरी सासूबाई आहेत.”

पाच महिने जिनं माझ्यामुळं सोसलं, तीच माझी वाट झाडत होती. मला ते सोसवलं नाही. मी ओला हात पदराला पुसला, रजिस्टर उचललं आणि सरळ केबिनमध्ये गेले. मॅडम मागून “अहो मावशी, अहो थांबा” करत आल्या.

सरांपुढं नवमीचं पान उघडून ठेवलं. “सर, ह्या तीन ओळी खोट्या हाईत. नवापासनं तीनापोतर शेकर बंद हुता. मॅडमचा आकडा खरा हुता.”

सरांनी चष्मा काढला, पान बघितलं, मग मला बघितलं. “पाच मिनिटं म्हणालो होतो मी.”

“जी.”

“शिवरामचं ऐकलंत, माझं नाही.”

मी खाली मान घातली. सरांनी बराच वेळ पान धरून ठेवलं. यंत्रापुढं नारळ फोडणारा माणूस तो. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडताना मी बघितलं.

“देवाच्या नावानं केलंत,” ते शेवटी म्हणाले. “देवाच्या कामाला मी काय शिक्षा करणार? पण खोटं लिहिलंत, ते वाईट.” त्यांनी पेन घेऊन पानाच्या कडेला लिहिलं: खंडेनवमीच्या पूजेनिमित्त यंत्र सहा तास बंद होते. खाली सही केली, तारीख घातली. मग मॅडमकडं वळले. बोलायला त्यांना जड जात होतं. “खराडे, मी तुम्हाला बोललो ते... बसा. सही कुठं करायची ते दाखवा.”

प्रबंध मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेला. मला पुढच्या श्रावणात कायम केलं. सरांनी शेऱ्यात लिहिलं होतं, श्रद्धाळू आणि प्रामाणिक. तो कागद मी घरी देवापुढं ठेवला आणि तिकडं बघायचं टाळत राहिले.

मॅडमची तोंडी परीक्षा झाली ती त्याच्याही नंतर, मार्गशीर्षात. पेढे घेऊन आल्या. मुलगी बरोबर होती, त्यांचं बोट सोडत नव्हती. विभागाच्या मागच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं, तिथं आम्ही बसलो. पोरगी पेढ्याचा कागद चाटत होती.

“मावशी, एक विचारू?”

“इचारा की.”

“परीक्षकांनी विचारलं, हा विसावा सहा तासच का? चार का नाही, आठ का नाही? मी सांगितलं, आधी एका पूजेमुळं तेवढा मिळाला, मग तपासून बघितलं तर तोच बरोबर निघाला. सगळे हसले.” त्या थांबल्या. “पण मला हसू आलं नाही. आमच्याकडंही पूजा होते मावशी. कुंकू लावायला, माळ घालायला पाच मिनिटं लागतात. आणि दिवसभर बंद ठेवायचं म्हणून ठेवलं असतं, तर तुम्ही तीनला चालू का केलंत?”

मी पोरीच्या हातातला कागद घेतला आणि तिचं तोंड पुसलं. सरांना सांगितलं नव्हतं, सासूबाईंना नव्हतं, देवापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हाही नव्हतं.

“देवाचं कायबी नव्हतं, मॅडम,” मी म्हणाले. “कुंकू लावलं आन् बटनाकडं हात नेला. पर खोलीत आवाज नव्हता. मालक गेल्यापास्नं माझ्या कानात सारखी घरघर. हितं यंत्राची, घरात सासूबाईंच्या छातीची. म्हणलं, एक घटका बसावं. भिंतीला पाठ टेकली, आन् मी निजले. तीनाला जाग आली. तीन महिन्यांत मी सलग एवढी निजले न्हवते. देवाला फुडं केलं, कारन दमले हुते म्हनून सांगायची मला लाज वाटली.”